मास्तरांची दुपार

मास्तरांचं दुकान दुपारी एक ते तीन बंद असायचं, आणि ते का बंद असायचं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. फक्त पँटी शिवायचे. कुणी शर्टाचं कापड आणलं तर म्हणायचे, "कमरेच्या वरचं मला कळत नाही," आणि स्वतःच हसायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. बायको चार चौक पलीकडच्या बेकरीत. ती पहाटे पाचला जायची आणि एकच्या सुमारास परत यायची, तेव्हा तिच्या केसांना आणि मानेला भट्टीचा वास असायचा. ती जिना चढून गेली की मास्तर शटर अर्धं ओढायचे आणि पाटी लावायचे : 'मास्तर जेवायला गेलेत.'

"दोन दोन तास जेवता, तरी अंगाला काही लागत नाही तुमच्या," समोरचा घड्याळवाला म्हणायचा.

"चावून खातो मी," मास्तर म्हणायचे.

ही वीस वर्षांची सवय. मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला दूर गेली, तरी दुपार मोडली नाही. मोडली ती आजारानं.

मास्तरांचं ब्लड प्रेशर कितीतरी वर्षं वाढलेलं होतं. गोळ्या दिलेल्या होत्या. डोकं दुखलं तर घ्यायचे, नाहीतर नाही. मग एके दिवशी पावलं इतकी सुजली की चपलेचा पट्टा बसेना. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा सकाळी चार तास डायलिसिस सुरू झालं. सुया टोचायला सोपं जावं म्हणून डाव्या हातातली शीर आणि धमनी एकमेकींना जोडून दिली. त्या जागी बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं व्हायचं. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या हाताचं प्रेशर मोजायचं नाही, पाणी पेल्यानं मोजून प्यायचं, हे सगळं मास्तर शिकले. कापायचा उजवा हात शाबूत होता. पँटी शिवणं चालू राहिलं.

जे चालू राहिलं नाही, त्याबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी थकव्याला दोष दिला. बायकोही म्हणाली, "असू द्या हो, आज सकाळीच तर मशीनवरून उठलात." दुसऱ्यांदा मशीनचा दिवस नव्हता. तिसऱ्यांदा ते आधीपासूनच घाबरलेले होते. चौथ्यांदा तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि काहीच बोलली नाही. ते न बोलणं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पाचवी वेळ त्यांनी येऊच दिली नाही. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आहे म्हणाले, आणि दुपारी शिलाई मशीनवर बसून राहिले. ऑर्डर संपली, पण दुकान दुपारचं उघडं ते उघडंच राहिलं. गिऱ्हाइकं खूश झाली. घड्याळवाल्यानं एकदा तोंड उघडलं होतं, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यानं विषय बदलला.

पुढे ते रात्रीही खालीच झोपायला लागले; वर जायचे ते फक्त आंघोळीला आणि जेवायला. "पायात गोळे येतात, तुझी झोप मोडते," असं कारण दिलं. गोळे खरंच येत होते. म्हणून तर कारण टिकलं.

भूक मेली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. पण भूक होती तशीच होती. बायको एक वाजता दारातून आत आली की तिचा वास दुकानभर पसरायचा आणि हातातली कात्री थांबायची. ती वर गेली की ते कान देऊन ऐकायचे. आता चपला काढल्या. आता नळ सोडला. आता पलंगाच्या कडेला बसली, कारण ती फळी तिथेच वाजते. मग बराच वेळ काही नाही. त्या काही नसण्यात ते तिच्या मानेवरच्या बारीक केसांचा, पोटावरच्या जुन्या टाक्यांचा, हसताना ती खांद्यात दात रुतवायची त्याचा विचार करत बसायचे. सतरा पायऱ्या. चढून गेलं तर ती सरकून जागा करून देईल, हेही माहीत होतं. पण मग? सव्वा लाखाची झाकली मूठ त्यांना उघडायची नव्हती. अशी दोन वर्षं गेली.

एका मंगळवारी बायको दुपारी वर गेलीच नाही. बेकरीचा पांढरा कोट हातात घेऊन कापायच्या टेबलापाशी उभी राहिली.

"हा आवळतोय. काखेत आणि खाली पोटाशी. जरा सैल करून द्या."

"ठेव तिथे. बघतो."

"माप घ्या की. अंदाजानं कराल आणि परत उसवायला लागेल."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. तिनं हात वर केले. त्यांनी टेप पाठीमागून फिरवून पुढे आणली, दोन बोटांत धरली, आकडा पाहिला, कागदावर लिहिला. मग कंबर. मग त्याच्या खाली. इतक्या जवळ ते कितीतरी महिन्यांनी आले होते. तिच्या श्वासानं टेप हलत होती. एका बोटाचा तिला ओझरता स्पर्श झाला आणि ते बोट त्यांनी पोळल्यासारखं मागे घेतलं.

"गिऱ्हाइकाचं घेतात तसं घेताय माप," ती म्हणाली.

ते लिहीत राहिले.

"सुटलेय ना मी? पूर्वीची राहिले नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्याच वेळी पँट न्यायला एक गिऱ्हाईक दारात आलं. मास्तरांना सुटल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी स्वतःचा रागही आला. ती कोट टेबलावर ठेवून वर गेली. आज नळ बराच वेळ वाहत राहिला. नळाच्या आवाजाआड ती रडत होती, हे त्यांना समजलं. गिऱ्हाइकाला त्यांनी दुसऱ्याचीच पँट बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. डायलिसिसच्या खोलीत मास्तरांच्या शेजारची खुर्ची ड्रायव्हरची होती. बासष्ट वर्षांचा माणूस, तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. अंगातलं रक्त नळीतून मशीनमध्ये जात असतानाही त्याचे विनोद थांबत नसत. "सिस्टर, जरा गियर बदला, चढ आलाय," असलं काहीतरी रोजचं. त्या दिवशी सिस्टर लांब गेलेली पाहून मास्तर हळूच म्हणाले, "एक विचारू का? तुम्हाला पण असं झालंय का, की... म्हणजे घरी..."

ड्रायव्हरला पुढचं ऐकायची गरज पडली नाही. "इंजिन चालू, गाडी जागची हलत नाही?"

मास्तरांनी मान हलवली.

"या खोलीत निम्म्यांना विचारा. सगळे ब्लड प्रेशरचे आकडे सांगतात एकमेकांना, हे कुणी सांगत नाही." त्यानं मोकळ्या हातानं पिशवीतून एक पट्टी काढली. चार निळ्या गोळ्या होत्या. त्यातली एक वेष्टणासकट दातांनी तोडून मास्तरांच्या खिशात सरकवली. "भाच्यानं आणून दिल्यात. घ्या."

"तुम्हाला गुण आला?"

ड्रायव्हरनं छताकडे बघितलं. "मी घेतली नाही कधी. कुणासाठी घेऊ? असू द्यावी जवळ, म्हणून असते." मग त्यानं सिस्टरला हाक मारली आणि पंखा कमी करा म्हणून वाद घालायला लागला.

गोळी मास्तरांच्या पँटीच्या छोट्या खिशात दोन दिवस राहिली. शिवतानाही त्यांचा हात तिथे जायचा. घ्यावी, तर मनात भीती. टाकावी, तर हात उचलेना. गुरुवारी दुपारी त्यांनी ठरवलं, उद्या नाही, परवा नक्की. आणि शुक्रवारी डायलिसिसहून आल्यावर अंगातली पँट धुवायला टाकून ते आडवे झाले.

जागे झाले तेव्हा बायको खाली, दुकानात, त्यांच्या उशाशी उभी होती. तळहातावर वेष्टणातली गोळी.

"ही कसली?"

मास्तर उठून बसले.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "बेकरीतल्या पोरी हसतात या नावावर. कुणासाठी आणलीत?"

"कुणासाठी म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, तुम्ही वर निजायला येत नाही. मला वाटलं आजार आहे, थकतात, काही म्हणायचं नाही. मला वाटलं मी जाड झाले, आता आवडत नसेन, तेही गिळलं. आणि खिशात ही?" तिचा आवाज चढला नव्हता. "कोण आहे ती, एवढं सांगा. मी भांडणार नाही."

मास्तरांना आधी हसूच आलं. त्यांनी तिचा हात धरला, गोळीसकट.

"अगं, कोण असणार? तुझ्यासाठीच आणली. होत नाही माझ्याच्यानं. तेवढंच आहे. बाकी काही नाही."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"मन होतं," ते म्हणाले. "रोज होतं. तू दारातून आलीस की होतं. पण शरीर ऐकत नाही. मला वर यायची लाज वाटते."

बायको शटरापाशी गेली आणि ते खाली ओढलं, पार जमिनीपर्यंत. मग त्यांच्या शेजारी कापडांच्या गठ्ठ्यावर बसली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी आरशात बघून स्वतःला शिव्या देतेय, आणि तुम्ही इथे काज करत बसलात! एक वाक्य होतं हे, मास्तर. एक वाक्य."

तिनं त्यांच्या दंडावर जोरात एक चापट मारली. मग तिथेच डोकं टेकलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगू? अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. इथं तर डॉक्टर आपल्या मुलीएवढी आहे."

"मुलीएवढी असली तरी डॉक्टर आहे. सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

ती खरंच आली. बेकरीत रजा टाकून आली. किडनीच्या डॉक्टरबाई फायली चाळत फेरीवर आल्या, नेहमीसारखं "कसं वाटतंय?" विचारलं, आणि मास्तर नेहमीसारखं "ठीक आहे," म्हणाले. बायको खुर्चीमागून पुढे आली.

"ठीक नाहीये. दोन वर्षं आम्ही नवराबायकोसारखे राहिलो नाही. यांना जमत नाही. कुणीतरी ही गोळी दिलीये, ती घ्यायची का, हे विचारायचंय."

शेजारच्या खुर्चीत ड्रायव्हरनं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगावी. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत, लाजल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि फाईल मिटली.

"बरं झालं सांगितलंत. मीच विचारायला हवं होतं. ही गोळी मात्र अजिबात घ्यायची नाही, निदान आत्ता तरी. मास्तर, पायऱ्या चढताना छातीत काही होतं?"

"नाही. दम लागतो थोडा."

"थांबतात ते," बायको म्हणाली. "जेवायला वर येताना, नवव्या पायरीवर. मला वाटायचं, वर यायचं जिवावर येतं म्हणून थांबतात."

"छाती आवळते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवळते. उभं राहिलं की जाते."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं, शिंप्याला कळेल असं. शरीरातल्या रक्तवाहिन्या सगळीकडे एकाच आजारानं खराब होतात. किडनीच्या आजारात त्या लवकर कडक होतात, आतून अरुंद होतात. लिंगातल्या वाहिन्या बारीक, हृदयाच्या त्याहून जाड; म्हणून पुष्कळ पुरुषांत पहिली तक्रार तिथे येते, आणि हृदयाची नंतर, एकदोन वर्षांनी. "तुमचं शरीर दोन वर्षांपूर्वीच सांगायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "रक्त कमी आहे, हार्मोन कमी असतील, प्रेशरच्या एखाद्या गोळीचाही हात असेल. ते सगळं बघू. पण आधी हृदय. आणि हृदयासाठी जर जिभेखालची गोळी द्यावी लागली, तर तिच्याबरोबर ही निळी गोळी म्हणजे जिवाशी खेळ. प्रेशर एकदम खाली जातं."

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे शनिवारी घेतली असती तर..."

"ते नको आता. विड्या ओढता अजून?"

"दोन-तीन."

"सात," बायको म्हणाली.

त्याच आठवड्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. दोन ठिकाणी अडलेलं होतं, एक जागा तर दोऱ्याएवढीच उरली होती. जांघेतून तार घालून दोन्ही जागी जाळीच्या छोट्या नळ्या बसवल्या. मास्तर जागे होते. पडद्यावर त्यांना आपलं हृदय धडधडताना दिसलं, करड्या ढगासारखं. मुलगी दूरच्या शहरातून धावत आली. "बाबा, कळलं कसं हो लवकर?" असं तिनं विचारलं तेव्हा आईबाप दोघांनी एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तुझ्या आईचं लक्ष असतं," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

विड्या सुटल्या. रोज संध्याकाळी अर्धा तास चालायचं, असं ठरलं. घड्याळवाला सोबत येतो म्हणाला, पण बायको म्हणाली, मीच जाईन. ती त्यांच्या उजव्या बाजूनं चालायची, डावा हात जपावा म्हणून. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत, मग बेकरीपर्यंत. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर वर झोपायला गेले, गादी बायकोनं उचलली. नवव्या पायरीवर थांबावं लागलं नाही. एवढं सोपं होतं तर, असं त्यांना वाटलं, आणि पलंगावर पडल्यावर कळलं की एवढं सोपं नव्हतं. ती शेजारी होती, तिचा पाय त्यांच्या पायाला लागलेला होता, इच्छा अंगभर पसरलेली होती, आणि शरीर गप्पच होतं.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी प्रेशरची एक गोळी बदलली. रक्त वाढवायची इंजेक्शनं चालूच होती. छातीत पुन्हा दुखलं नव्हतं, जिभेखालच्या गोळीची गरज पडली नव्हती. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी चिठ्ठीवर त्याच निळ्या गोळीच्या औषधाचा अगदी छोटा डोस लिहून दिला. डायलिसिसच्या दिवशी नाही, पोट फार भरलेलं असताना नाही, छातीत दुखलं तर लगेच यायचं आणि तिथल्या डॉक्टरांना ही गोळी घेतल्याचं आधी सांगायचं. "आणि मास्तर," त्या म्हणाल्या, "खात्री देत नाही मी. काहींना गुण येतो, काहींना अर्धामुर्धा."

गुरुवारची दुपार होती. मुद्दाम काही ठरवलं नाही असं दोघंही दाखवत होते, आणि बायकोनं पलंगावरची चादर बदललेली होती. मास्तर नवरदेवासारखे घाबरले होते. ती हसायला लागली, मग तेही.

अर्धामुर्धाच गुण आला. काही क्षण पूर्वीसारखे, आणि मग मध्येच काढता पाय. मास्तर छताकडे बघत पडून राहिले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरलं.

"रडताय कशाला?" ती म्हणाली.

"तुला पुरलं नाही."

"मला काय पुरलं नाही ते मला ठरवू द्या की." ती कोपरावर वळली. "तुम्हाला सांगू? त्या दोन वर्षांत मी तीनदा खाली आले होते. दुपारची. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले. तुम्ही पाठमोरे. मशीन चालू. वाटायचं, मागून जाऊन मिठी मारावी. तुमच्या मानेवर घाम असायचा, तो पुसावा."

"मग आली का नाहीस?"

"तुम्ही दचकाल म्हणून. सुई लागेल बोटाला."

तिनं त्यांचा डावा हात उचलून आपल्या गालाखाली घेतला, जपून, वजन न टाकता. रक्त गुरगुरत होतं. खाली कुणीतरी शटर वाजवत होतं, "मास्तर, अहो मास्तर!" म्हणत होतं. दोघं तसेच पडून राहिले.

"अजून सांग," मास्तर म्हणाले.

"काय?"

"तुला काय काय वाटायचं ते."

तिनं जरा विचार केला. मग सांगायला लागली. काही गोष्टी ऐकताना मास्तरांचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या मनात एवढं सगळं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यातलं बरंचसं असं होतं की त्याला फक्त हात, ओठ आणि वेळ लागत होता. पुढच्या गुरुवारी ते बराच वेळ खाली गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

शरीर कधी साथ देतं, पुष्कळदा देत नाही. मास्तरांना अजूनही पूर्वीचे दिवस आठवतात आणि पोटात खड्डा पडतो. तो बुजत नाही. किडनीसाठी नाव यादीत आहे, फोन कधी येईल ते कुणाला माहीत नाही.

मधल्या एका बुधवारी डॉक्टरबाई फेरीवर आल्या, तेव्हा ड्रायव्हरनं विनोद केला नाही. घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, मलाही जरा बोलायचंय. पडदा ओढता का?" पडदा ओढला गेला. मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली आणि सिस्टरला मुद्दाम मोठ्यानं हवापाण्याचं विचारायला लागले, म्हणजे पलीकडचं ऐकू येऊ नये.